नवी गाडी घेताना आधी डिक्कीतली चटई उचलून बघा

श्रावणातली गोष्ट. शहाद्याला बहिणीकडचा कार्यक्रम आटोपून आम्ही रात्री जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपड्याला परत निघालो होतो. गाडीत आई, आबा, बायको, मुलगी आणि मी. शिरपूर मागे पडलं, अनेरचा पूल ओलांडला आणि हातेडच्या अलीकडे डावं पुढचं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात आदळलं. समोरच्या ट्रकच्या लाइटमध्ये खड्डा दिसलाच नव्हता. स्क्रीनवर त्या चाकाची हवा ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाखवत होती. बघता बघता २०, मग ११, मग ४. गाडी कडेला घेईपर्यंत शून्य.

डिक्की उघडली, चटई उचलली. स्टेपनीच्या जागी थर्मोकोलचा साचा, त्यात छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चर बुजवणाऱ्या पांढऱ्या औषधाची बाटली. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे सगळं जोडलं आणि कॉम्प्रेसर सुरू केला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर टायरच्या बाजूवर, रिमपासून दोन बोटांवर, अंगठ्याच्या नखाएवढी चीर पडलेली. तिच्यातून ते औषध दुधासारखं ओघळून मातीत चाललं होतं. बाटली संपली, हवा शून्यच राहिली. एक दुचाकीवाला थांबला, त्यानं वाकून चाकावर हात फिरवला आणि म्हणाला, "बाजू फाटेल शे भाऊ." म्हणजे बाजू फाटली आहे. मदतीची गाडी धुळ्याहून यायची होती. ती येईपर्यंत दोन तास आई-आबा मोरीच्या कठड्यावर बसून होते आणि मुलगी आईच्या मांडीवर झोपली होती.

गाडी घेताना आम्ही चार शोरूम फिरलो होतो. रंग पाहिला, स्क्रीन पाहिली, सनरूफ पाहिलं. चटई उचलून पाहिली नव्हती आणि शोरूममधल्या कोणी आपणहून सांगितलंही नव्हतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा प्रश्न गाडीच्या रंगापेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून हे सगळं तपशिलात लिहितो आहे.

स्टेपनी गेली कुठे?

आधी हे समजून घेऊ, म्हणजे सेल्समनशी बोलताना सोपं जाईल. केंद्र सरकारनं २०२० च्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला. तो त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झाला. चालक सोडून आठपर्यंत आसनांच्या गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा (टीपीएमएस) आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी देणं कंपनीला बंधनकारक नाही. त्यामुळे 'स्टेपनी देणं कायद्यानं सक्तीचं आहे' असं म्हणून शोरूममध्ये वाद घालायला जाऊ नका, तो मुद्दा आता टिकत नाही.

कंपन्यांच्या बाजूनं कारणंही खरी आहेत. स्टेपनी, जॅक आणि पाना मिळून पंधरा-वीस किलो वजन होतं, ते गेलं की मायलेजला थोडी मदत होते. त्यात आपल्याकडे चार मीटरच्या आतली गाडी स्वस्त पडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल-सीएनजी किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठ्या गाडीवर ४० टक्के आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के. म्हणजे लांबी वाढवता येत नाही, आणि त्याच डिक्कीत सीएनजीच्या टाक्या किंवा बॅटरी बसवायची असते. जागा कुठून तरी काढावीच लागते आणि पहिली कुऱ्हाड स्टेपनीवर पडते. म्हणून इलेक्ट्रिक, हायब्रिड आणि सीएनजी गाडी बघताना जास्त बारकाईनं विचारा. एकाच गाडीच्या पेट्रोल मॉडेलला स्टेपनी असते आणि दुसऱ्या मॉडेलला नसते, असंही होतं.

आधी आपले रस्ते लिहून काढा

गाडीची यादी करण्याआधी एका कागदावर वर्षभरातले प्रवास लिहा. कुठे, किती वेळा, दिवसा की रात्री, सोबत कोण. अर्ध्या तासाचं काम आहे, पण पुढचे निम्मे निर्णय त्यातून निघतात.

आमचा कागद असा होता: महिन्यातून दोनदा जळगाव, आबांच्या डॉक्टरांकडे. दर रविवारी मळ्यात, त्यातला दीड किलोमीटर शिवार रस्ता. वर्षातून पाच-सहा वेळा शहादा. एकदा वणीला सप्तशृंगी गडावर. मुलीच्या हट्टापायी कधी तोरणमाळ, कधी पाटणादेवी. यातला बराच प्रवास बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरचा. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा असा हा रस्ता केळीच्या आणि उसाच्या पट्ट्यातून जातो, त्यामुळे अवजड ट्रक सतत चालू असतात आणि पावसाळ्यात खड्डे पडतात. जळगाव-धुळे चौपदरी झाल्यापासून त्या बाजूला तुलनेनं सुख आहे.

आता यावरून ठरवा. तुमचा सगळा वापर जळगाव, भुसावळ किंवा धुळे शहरात आणि चौपदरी महामार्गावर असेल, तर स्टेपनी नसलेली गाडी चालून जाईल. तिथे पंक्चर होतं ते बहुतेक खिळ्यानं, आणि त्यावर किट चालतं. पण तालुक्याच्या गावी राहणारे, शेतात गाडी नेणारे, रात्री खड्ड्यांच्या रस्त्यानं येणारे, किंवा शहाद्याच्या वर तोरणमाळ, धडगाव, अक्कलकुवा भागात नोकरीनिमित्त फिरणारे असाल, तर माझं स्पष्ट मत आहे: स्टेपनी असलेलीच गाडी घ्या. सातपुड्यात काही ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. तिथे कंपनीची मदतसेवा आपल्या हाकेला कशी येणार?

शोरूममध्ये काय बघायचं

ज्या मॉडेलची, ज्या इंधनाची, ज्या व्हेरियंटची गाडी घ्यायची आहे नेमकी तीच उघडून दाखवायला सांगा. डिक्कीतली चटई स्वतःच्या हातानं उचला. स्टेपनी दिसली नाही तर गाडीखाली वाकून बघा, काही गाड्यांत ती पोटाखाली टांगलेली असते. अशी स्टेपनी काढायची पद्धत तिथेच शिकून घ्या. चिखलात भरलेला बोल्ट रात्री पहिल्यांदाच सोडवायला घेतला की फार हाल होतात.

स्टेपनी आहे म्हटल्यावर तिच्यावरचा आकडा वाचा. बऱ्याच गाड्यांत चार चाकं मोठ्या मॅगव्हीलची, म्हणजे अलॉयची, आणि स्टेपनी एक इंच लहान, लोखंडी डिस्कची असते. ती चालते, पण तात्पुरती, आणि बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या आत. टायरच्या आकड्याआधी 'टी' हे अक्षर असेल तर ती अगदी अरुंद, फक्त पंक्चरवाल्यापर्यंत नेणारी स्टेपनी. तिच्यात नेहमीच्या ३३ ऐवजी ६० पीएसआय हवा भरावी लागते. हे माहीत नसेल तर पंक्चरवाला इतर चाकांएवढीच हवा भरून देतो.

स्टेपनी नसेल तर पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. जॅक आणि पाना मिळतो का? स्टेपनी नसलेल्या गाडीत बहुतेक वेळा तेही नसतात. चटईखाली स्टेपनी मावेल एवढा खड्डा आहे का? स्टेपनी जादा पैसे देऊन मिळते का? मदतसेवेची ओढणारी गाडी चोपड्याला कुठून येते, किती वेळात, किती किलोमीटरपर्यंत फुकट? 'देशभर कुठेही चोवीस तास' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. 'शिरपूर ते चोपडा रस्त्यावर रात्री दहा वाजता टायर फाटला तर कोण येणार?' असंच विचारा.

बाकी कुटुंबाच्या गाडीचं जे बघायचं ते थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत आहे. भारत एनकॅप या अपघात-सुरक्षेच्या चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे तारे मिळतात, दोन्ही बघा. मागच्या मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा पट्टा आणि डोक्याला टेकू हवा. मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हूक चाचपून बघा. टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोन वाजता घ्या, आणि घरच्या सगळ्यांना बसवून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. मागच्या सीटवर एसीची हवा पोचते की नाही हे सकाळच्या गारव्यात कळत नाही. आईला गुडघ्यांचा त्रास असेल तर तिला तीनदा चढायला-उतरायला लावा. आमच्या घरी दोन गाड्या याच एका कारणानं यादीतून गेल्या.

टायरचा आकडा वाचायला शिका

ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून जरा सावकाश सांगतो. टायरच्या बाजूवर २१५/६० आर १६ असं काही लिहिलेलं असतं, अर्थात इंग्रजीत. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर. खड्ड्यात आदळल्यावर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये एवढीच रबराची गादी असते.

त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला २१५/५५ आर १७ असेल तर ती गादी ११८ मिलिमीटर होते, म्हणजे ११ मिलिमीटर कमी. मोठं मॅगव्हील दिसायला देखणं दिसतं, पण चाक जोरात आदळलं की टायरची बाजू खड्ड्याची कड आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि फाटते. ज्या गादीत जास्त रबर, ती जास्त मार सोसते. म्हणून स्टेपनी नसलेली गाडी घ्यायचीच असेल, तर निदान लहान रिम आणि उंच टायरचं व्हेरियंट घ्या. गाडीची जमिनीपासूनची उंचीही बघावी, पण टायर वाचवायला तिचा उपयोग होत नाही, ती पोट वाचवते.

आणखी एक काम करा. गाडी बुक करण्याआधी गावातल्या टायरवाल्याकडे जा आणि तो आकडा दाखवून विचारा, "दादा, हा टायर तुमच्याकडे आत्ता आहे का?" चोपडा, अमळनेर, पाचोरा अशा ठिकाणी जो आकार दुकानात पडून असतो, तो टायर फाटला तरी दुपारपर्यंत गाडी रस्त्यावर येते. जो जळगाव किंवा नाशिकहून मागवावा लागतो, त्यात दोन-तीन दिवस जातात. मला तीन दिवस लागले.

गाडी ताब्यात घेताना पाचही टायरांवरचे शेवटचे चार अंक वाचा. ३२२५ असेल तर २०२५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा वर्षभर जुना निघाला तर गाडी घेण्याआधीच बदलून मागा. किटमधल्या बाटलीवरची मुदतही तेव्हाच बघा आणि ती संपण्याची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

स्टेपनी नसेल तर डिक्कीत काय ठेवायचं

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे स्वतः स्टेपनी करून घेणं. त्यासाठी डिस्क नेमकी तुमच्याच गाडीची लागते. नटांची संख्या, त्यांच्यातलं अंतर, मधलं भोक आणि डिस्कची खोली हे चारही जुळलं पाहिजे. म्हणून मोकळ्या बाजारात अंदाजानं घेऊ नका, त्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटची लोखंडी डिस्क पार्टच्या दुकानातून मागवा आणि एकदा चाकावर बसवून, ब्रेकला घासत नाही ना, हे बघा. मॅगव्हीलचे नट लोखंडी डिस्कला चालतात का, हेही विचारून घ्या. डिक्कीत खड्डा नसेल तर चाक आडवं ठेवून पट्ट्यानं हुकांना घट्ट बांधा. जोरात ब्रेक दाबला तर मोकळं पंधरा किलोचं चाक मागच्या सीटवर बसलेल्यांवर येतं. आम्ही जवळच्या प्रवासात स्टेपनी घरी ठेवतो आणि शहादा किंवा वणीला जाताना बांधून नेतो.

याशिवाय एक पेटी. आमच्या पेटीत असतं: बारा व्होल्टचा चांगला कॉम्प्रेसर, वेगळा हवा मोजायचा गेज, ट्यूबलेस पंक्चरचं किट म्हणजे भोक घासायची कानस, सुई आणि भोकात कोंबायच्या पाच-सहा रबरी पट्ट्या म्हणजे स्ट्रिप, पक्कड, जॅक, लांब दांड्याचा पाना, मॅगव्हीलला कुलपी नट असेल तर त्याची चावी, जॅकखाली ठेवायला लाकडाची फळी, डोक्याला लावायची बॅटरी, लाल त्रिकोण, हातमोजे आणि साबणाच्या पाण्याची छोटी बाटली. फळी विसरू नका. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात जॅक सरळ आत जातो.

स्ट्रिप लावायला एकदा पंक्चरवाल्याच्या शेजारी उभं राहून शिका. शंभर-दीडशे रुपयांचं पंक्चर काढून घेताना "मी लावू का?" म्हटलं तर तो आनंदानं शिकवतो. सुई ज्या कोनात खिळा गेला त्याच कोनात घालायची, आणि स्ट्रिप आत गेल्यावर सुई झटक्यात बाहेर ओढायची. हे वाचून कळत नाही, हाताला कळतं.

पंक्चर झाल्यावर, क्रमानं

हवेचा दिवा लागला किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली की एकदम ब्रेक दाबू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, डावीकडे सिग्नल द्या आणि सपाट, कडक जागी थांबा. पण 'पुढे ढाब्यापर्यंत नेऊ' म्हणून रिकाम्या टायरवर गाडी चालवू नका. दोन-तीनशे मीटरमध्ये टायर आतून चिरडतो आणि साधं पंक्चरही दुरुस्त होण्यापलीकडे जातं.

चारही इंडिकेटर लावा. सगळ्यांना रहदारीकडच्या नव्हे, कडेच्या बाजूच्या दारानं उतरवा आणि रस्त्यापासून लांब, गाडीच्या मागच्या बाजूला न राहता, उभं करा. त्रिकोण मागे ५० मीटरवर तरी ठेवा, वळण असेल तर वळणाच्या आधी. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे. जागा धोक्याची वाटत असेल तर ११२.

आता चाक बघा. इथेच सगळं ठरतं.

खिळा जमिनीला टेकणाऱ्या भागात असेल आणि हवा हळूहळू जात असेल, तर खिळा उपटू नका. तोच भोक बुजवून बसलेला असतो. आमच्याकडे बैलांच्या पायातल्या पत्रीचे खिळे टायरमध्ये फार सापडतात, चपट्या डोक्याचे. कॉम्प्रेसरनं दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा आणि हळू पंक्चरवाल्यापर्यंत जा. किटमधलं औषध वापरायची गरजच नाही.

हवा भरताच निघून जात असेल आणि भोक त्याच भागात, साधारण पेन्सिलीच्या टोकाएवढं असेल, तर स्ट्रिप लावा किंवा औषध वापरा. औषधाची बाटली आधी खूप हलवा. गाडी चालू ठेवून कॉम्प्रेसर लावा. औषध आत जाताना काटा एकदम वर चढतो आणि मग खाली येतो, घाबरू नका. दहा मिनिटांत स्टिकरवरचा आकडा आला नाही तर कॉम्प्रेसर बंद करा, टायर किटच्या पलीकडे गेला आहे. आकडा आला तर लगेच निघा, म्हणजे औषध आत सगळीकडे पसरतं. पाच किलोमीटरवर थांबून हवा पुन्हा मोजा. २० च्या खाली गेली असेल तर तिथेच थांबा. टिकली असेल तर पुन्हा भरा आणि ८० च्या आत चालवत थेट दुकान गाठा. पंक्चरवाल्याला औषध घातल्याचं आधी सांगा. टायर उघडून आतला सेन्सर पुसावा लागतो आणि नवीन बाटली घ्यावी लागते.

आणि टायरच्या बाजूवर चीर, भोक किंवा फुगा असेल, तर किटची पेटी उघडूच नका. बाजू सतत लवते, तिथे स्ट्रिप टिकत नाही आणि औषधही थांबत नाही. स्टेपनी लावा, नाहीतर मदतसेवेला फोन करा. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: "टायरची बाजू फाटली आहे, स्टेपनी नाही, गाडी उचलून न्यावी लागेल." नाहीतर ते पंक्चर काढणारा माणूस पाठवतात आणि आणखी एक तास जातो. आमच्याकडे नेमकं हेच झालं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर चाकं जमिनीवर फिरवत ओढू देऊ नका, पूर्ण गाडी चढवणारी सपाट गाडी मागा.

स्टेपनी लावताना हँडब्रेक ओढा, समोरच्या तिरक्या चाकाला दगड लावा, आणि गाडी उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेतच लावा. नट एकाआड एक आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून बघा.

हवा, ऊन आणि विमा

हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजा. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमध्ये साधारण एक पीएसआय हवा वाढते. वैशाखातल्या दुपारी, धावून आलेल्या गाडीत ३३ चे ३८-३९ दिसतात. ती हवा काढू नका. काढली तर पहाटे टायर कमी हवेवर असतो, कमी हवेचा टायर जास्त लवतो, जास्त तापतो आणि उन्हाळ्यात फुटतो तो बहुधा असाच. स्टेपनीची हवा दर दोन महिन्यांनी बघा. गरजेच्या वेळी तीच बसलेली निघते. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत उतरली की टायर बदला. आपल्या पावसाळी रस्त्यांसाठी मी तर त्याच्या बराच आधी बदलतो.

साध्या विम्यात नुसता टायर फाटला तर काही मिळत नाही. अपघातात गाडीबरोबर टायर गेला तरी निम्मी किंमत घसारा म्हणून कापतात. टायरसाठी वेगळं कवच मिळतं, त्यात चीर, फुगा, फुटणं येतं, साधं पंक्चर बहुधा येत नाही. स्टेपनी नसलेल्या गाडीला पहिली तीन वर्षं तरी ते घ्यावं. पॉलिसी हातात आल्यावर मदतसेवेचा क्रमांक घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाका. त्या रात्री तो फक्त माझ्या फोनमध्ये होता, आणि माझ्या फोनची बॅटरी आठ टक्क्यांवर आली होती.